आमच्या नावाचे तांदूळ

५ एप्रिल

बाबा,

वर 'श्री' लिहिलेलं नाही म्हणून कागद फाडू नका. आईच्या देवाचं नावही लिहिलेलं नाही. वरची जागा कोरी सोडली आहे, तिथे तुम्हाला हवं ते समजा.

गावाने ठरवलं, केसरबाईच्या घराशी, म्हणजे आईशी आणि माझ्याशी, कोणी बोलायचं नाही. ठीक आहे. पण लिहायचं नाही असं कोणी ठरवलेलं नाही. बैठकीत मागे बायकांमध्ये मी बसले होते, नीट कान देऊन ऐकलं मी. म्हणून लिहिते. आपलं घर वस्तीच्या या टोकाला, हरिदास काकांचं त्या टोकाला, मधे बोरिंग आणि चिंचेचं झाड. एवढ्याशा वाटेला पोस्टमन कशाला, मीच येऊन तुमच्या खाटेवर ठेवते. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाचा.

मार्चात गुलाबबाई मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला नेलं. तिच्यासाठी या गावात आईएवढं कोणी रडलं असेल तर मला दाखवा. दोघी एकाच झाडाखाली वेचायच्या. तरी बैठकीत बोलले, एका घराने वाघदेव सोडला म्हणून वाघ गावावर उठला. आणि त्या घराचा धनी म्हणजे वाघदेवाचा पुजारी, म्हणजे तुम्ही. बैठक चालवणाऱ्या लालसू भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "वारलू, त्या बाईच्या हातचं खाऊन तू देवाले हात कसा लावतस?" तुम्ही घरी आलात, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि हरिदास काकांकडे, भावाच्या घरी राहायला गेलात. आई म्हणाली, "जाऊ दे. त्याले गाव पाहा लागते." तिने तुमच्या वाटणीची भाकर झाकून ठेवली आणि सकाळी स्वतः शिळी खाल्ली.

आता गावाचं म्हणणं आहे की भिंतीवरचा क्रूस उतरवा, वाघदेवाला कोंबडं द्या, घरचे तांदूळ द्या, मग तेंदूची पानं तोडणाऱ्या टोळीत घेऊ. मे लागला की पानं तोडायला सुरुवात होईल. टोळीने गेलं की बायका एकमेकींना हाका मारतात, मागे पुरुष टिन वाजवतात, वाघ बाजूने निघून जातो. एकटी बाई पानासाठी खाली वाकली की वाघाला बाई दिसत नाही, जनावर दिसतं. हे मला तुम्हीच सांगितलंय, मी तुमच्या खांद्यावर बसून जंगलात यायची तेव्हा.

आमचं मागणं एवढंच की आईला टोळीत घ्या. क्रूस उतरणार नाही आणि कोंबडं मिळणार नाही. ब्रह्मपुरीला जाऊन मी बी.ए. झाले, आपल्या घरात पहिली. माझा टोपीतला फोटो तुम्ही खिशात घेऊन फिरलात, वडाच्या पारावर दाखवलात. त्या शिक्षणाने मला अजून नोकरी दिली नाही. पण मी भीत नाही, हे स्वच्छ भाषेत लिहायला शिकवलं.

दिव्यानी


१५ एप्रिल

बाबा,

मागच्या कागदाचं काय झालं ते पाहायला आले तेव्हा तुम्ही नव्हता. हरिदास काकांची मंगली काकू अंगणात होती. माझ्याशी बोलली तर तिला दंड. म्हणून तिने बकरीचा कान धरला आणि बकरीशी बोलली.

"ए बकरे, सांगजो त्या दिव्यानीले. कागद आनून टाकते, चूल पेटवाले बरं होऊन राह्यलं म्हना."

मीही बकरीकडेच पाहून म्हटलं, "बकरे, काकूले विचार, बाबानं वाचला काय?"

"वाचला म्हना. दोनदा वाचला. चष्मा नाई सापडला त माहा घातला."

"काय म्हनले?"

"काय म्हनन तो दगड? अक्षर चांगलं हाये म्हने."

बाबा, मी वाघाबद्दल लिहिलं आणि तुम्ही अक्षर पाहिलं!

निघाले तर मागून परत आवाज, "अन बकरे, तिच्या मायचा पाय सुजला होता, तो उतरला का नाई ते विचाराचं राह्यलं." उतरला म्हणून सांगा काकूला. बकरीलाही सांगा.

तुम्ही एकदा रागात आईला विचारलं होतं, "तुह्या येशूनं काय देल्लं तुले?" उत्तर मी देते. माझा भाऊ अजय वैनगंगेत बुडाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यानंतर आईला झोप नव्हती. तुम्ही तिला घेऊन किती ठिकाणी फिरलात, मला आठवतं. एकाने अंगारा दिला, एकाने लिंबू कापलं, आणि एकाने सांगितलं की गुलाबबाईच्या सासूने करणी केली. त्या म्हातारीवर बोट ठेवल्यावर आई तिथून उठली आणि परत कोणाकडे गेली नाही. मग दुसऱ्या गावी धानाच्या रोवणीला गेली असताना तिथल्या कमळा मावशीने बांधावर तिचा हात धरून प्रार्थना केली. आई तिथेच झोपली. भर दुपारी, पाय चिखलाने भरलेले, ओल्या बांधावर. मावशीने तिच्या वाटणीची रोवणी केली आणि तिला उठवलं नाही. येशूने अजयला परत दिलं नाही, बाबा. झोप दिली. तुम्हाला अजून झोप नाही, हे मला माहीत आहे. काकू बकरीला सांगत होती.

माझं विचाराल तर मी आईच्या मागे मागे प्रार्थनेला गेले, पण राहिले ते स्वतःच्या मनाने. बोरिंगवर मी घागर लावली की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होतात. तेव्हा मी मनात म्हणते, प्रभू, माझ्या तोंडावर हात ठेव. तो ठेवतो. नाहीतर माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी गुडघे टेकते ते एकाच ठिकाणी. बाकी सगळीकडे मी उभीच राहणार.

कॉलेजमधली मैत्रीण म्हणते, बहिष्कार टाकणं गुन्हा आहे, ठाण्यात जा. कायदा मला माहीत आहे, त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलंय. पण ठाण्यात गेले की नावं द्यावी लागतील, आणि बैठकीत सगळ्यात पुढे, लालसू भाऊंच्या बाजूला, पुजारी म्हणून तुम्ही बसला होता. म्हणून गेले नाही. हा माझा भित्रेपणा समजू नका.

दिव्यानी


२ मे

बाबा,

उद्या तोडणी सुरू. आज सकाळी वाघदेवाच्या ओट्यावर पूजा झाली. आम्ही घरीच होतो, टिनांचा आवाज ऐकला. प्रत्येक घरचे मूठभर तांदूळ तुम्ही देवापुढे ठेवता आणि त्या घरातून जंगलात जाणाऱ्या बाईचं नाव घेता. जिचं नाव घेतलं ती टोळीत. लहानपणी मी नावं मोजायला उभी राहायची. आज दाराशीसुद्धा उभी राहिले नाही.

आई आणि मी दोघीच जाऊ. पास्टर आदेश भाऊंना विचारलं तर म्हणाले, "विश्वास ठेवा ताई, प्रभूने आपल्या भक्ताला सिंहाच्या गुहेतून वाचवलं." मी म्हटलं, भाऊ, तो माणूस स्वतः गुहेत उतरला नव्हता, त्याला लोकांनी टाकलं होतं. आम्ही ऊन वर आल्यावर जाऊ, पाठीला पाठ लावून पानं तोडू आणि पूर्ण वेळ मोठ्याने गात राहू. ते हसले. म्हणाले, बरं, गा.

आई रात्रीपासून देवाशी भांडते आहे. तिची प्रार्थना तुम्ही कधी ऐकली नाही. पुस्तकातली नसते. "बापा, पाय तुवा देल्ला, आता त्याले काटा नको लावू. पोरीले माह्या मागं ठेव, पुढं नको." मी मधेच आमेन म्हटलं तर म्हणाली, "थांब व, माहं झालं नाई अजून."

तुम्ही वाघदेवापुढे उभे असाल तेव्हा तुम्हालाही असंच काही म्हणावंसं वाटतं का? सहज विचारते.

दिव्यानी


५ मे

बाबा,

घाईत लिहिते. आनंदात लिहिते.

परवा आम्ही निघालो तर चिंचेखाली टोळी उभी होती. आम्ही बाजूने जायला लागलो तर हर्षा म्हणाली, "कुठी चालल्या दोघी? या इकडं." बोलली, बाबा! बकरीशी नाही, आमच्याशी बोलली. मग बाकीच्याही बोलल्या. आई मधे चालत होती, तिच्या दोन्ही बाजूला बायका. दुपारी सगळ्यांनी सोबत शिदोरी सोडली. कोणाचं लोणचं, कोणाची लाखोरीची डाळ. आईने आंबाडीची भाजी नेली होती, एका बाईने ती मागून खाल्ली. आई हसली. किती दिवसांनी हसली ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी अंगणात पानांचे पुडे बांधताना ती गुणगुणत होती.

आज रविवार. प्रार्थनेत मी उभी राहून साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. मी म्हटलं, आम्ही क्रूस उतरवला नाही, कोंबडं दिलं नाही, तरी प्रभूने आख्ख्या गावाचं मन वळवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमळा मावशीने मला कवटाळलं.

तुम्ही आता घरी या. गाव बोलायला लागलं आहे, मग तुम्हाला काय अडचण?

दिव्यानी


९ मे

बाबा,

हा कागद मी रागात लिहिते, तसाच वाचा.

काल जंगलात हर्षा म्हणाली, "शहाणी झाली व तू. लय वारं होतं नाकात. आखरी आलीच ना वाघदेवाच्या पायापाशी."

मी म्हटलं, "कोण आली?"

"तूच. तुही माय. पुजाऱ्यानं तांदूळ ठेवले ना तुमच्या घरचे. केसर अन दिव्यानी, दोघींचं नाव घेतलं. आम्ही होतो तिथी."

माझ्या हातातली पानं खाली पडली. आई लांब होती, तिने ऐकलं नाही.

तुम्ही हे काय केलं? आम्हाला न विचारता आमच्या नावाचे तांदूळ ठेवले. लालसू भाऊंनी म्हणे विचारलं, क्रूस उतरवला काय, तर तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि त्यांनी ते हो समजलं. गाव आमच्या घरात येत नाही, मग भिंत पाहणार कोण? गावाचं मन वगैरे काही वळलं नव्हतं. गाव समजलं की आम्ही झुकलो. आणि मी तिकडे शंभर माणसांपुढे देवाचं नाव घेऊन भलतंच सांगून आले.

तुम्ही का केलं, ते मला कळतं. कळतं म्हणून जास्त राग येतो. आम्हाला वाघाने नेऊ नये म्हणून तुम्ही स्वतःच्या देवाशी लबाडी केली. वाघदेवासमोर तुम्ही कधी खोटं बोलला नव्हता. चप्पल घालून त्याच्या ओट्याजवळ गेलेल्या फॉरेस्टच्या माणसालासुद्धा तुम्ही परत पाठवलं होतं.

आदेश भाऊंना फोन केला. म्हणाले, "तांदूळ तुम्ही ठेवले नाहीत, मग तुमच्यावर दोष नाही. चूप राहा. देव मन पाहतो." देव मन पाहतो, बरोबर. म्हणून तर भीती वाटते. माझं मन चूप बसायला तयार झालेलं त्याला दिसलं असतं.

आईला सांगितलं. ती बराच वेळ वाक सोलत बसली, ती पुडे बांधायला लागते ती साल. मग म्हणाली, "पोरी, मले बायकाइत बसून भाकर खाऊ दे ना चार दिवस." मला वाटलं होतं ती लगेच म्हणेल, जा, सांग. तिने तसं म्हटलं नाही. तिला वाघाची भीती वाटते आणि एकटेपणाची त्याहून जास्त. मी तिच्यावर रागावले नाही. तिथेच तिच्या बाजूला गुडघे टेकले. तिने डोळे मिटले आणि या वेळी देवाशी भांडली नाही. एकच बोलली, "बापा, तुले सोडलं नाई मी, हे तुले माहीत हाये. पन त्याहिले बी माहीत असू दे." डोळे उघडून मला म्हणाली, "सांग जाऊन. माह्या समोर सांग."

उद्या बैठक आहे. मी बोलणार आहे. आधी तुम्हाला कळवते, मागून वार करणाऱ्यांतली मी नाही.

दिव्यानी


११ मे

बाबा,

काल तुम्ही तिथेच होता. तरी लिहिते, कारण तुम्ही पूर्ण वेळ जमिनीकडे पाहत होता. मी काय पाहिलं ते तुम्हाला कळावं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, क्रूस भिंतीवर आहे, ज्याला पाहायचं त्याने आत्ता चालावं. तांदूळ आम्ही दिले नाहीत. तेव्हा सगळ्यात आधी बायका गडबडल्या. हर्षाने तोंडावर पदर धरला. लालसू भाऊ रागावले नाहीत. गोंधळले. त्यांना इतक्या वर्षांत कोणी मिळालेली सूट परत केली नसेल.

"पोरी, तुम्ही नाई देल्ले त मंग ते तांदूळ कोनाचे?"

मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "माह्या घरचे."

"म्हंजे हरिदासच्या?"

"नाई. माह्या."

मागून कोणीतरी हसलं, "पुजाऱ्याले दोन घरं झाले बा!"

तुम्ही वर पाहिलं नाहीत. म्हणालात, "माहं घर एकच हाये. केसर राह्यते ते."

बाबा, हरिदास काकांनी कपाळाला हात लावला. मंगली काकू मात्र तुमच्याकडे अशी पाहत होती, जशी लग्नात नवरीची बहीण पाहते.

मग निकाल. टोळीतून आम्ही बाहेर, ते ठरलेलंच होतं. पण तुमच्याकडून पूजा काढून हरिदास काकांना दिली, तेव्हा मला वाटलं, हे मी केलं. सत्य बोलायचं होतं मला, आणि त्याची झळ तुम्हाला बसली.

तेव्हा आई उठली. बायकांमधून पुढे आली, पुरुषांच्या बाजूला. तिने पदर खोचला होता.

"मले टोळीत नका घेऊ," म्हणाली, "पन या मानसाची पूजा काढू नका."

लालसू भाऊ म्हणाले, "केसरबाई, वाघदेव सोडला तुवा. तुले काय कराचं त्याच्या पूजेचं?"

"मले काही नाई कराचं. त्याले कराचं हाये. त्याच्या बापानं केली, आज्यानं केली. माह्या देवासाठी मी कोनाचे पाय धरले नाई, धरत बी नाई. पन याच्या पूजेसाठी म्हनता त आता धरतो, सांगा कोनाचे धरू?"

कोणी पाय पुढे केला नाही. उलट जो तो मांडी आत ओढून बसला. निकालही कोणी फिरवला नाही.

तुम्ही तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. आईकडे. ते मी पाहिलं.

दिव्यानी


१२ मे

बाबा,

आज प्रार्थनेत परत उभी राहिले आणि मागच्या रविवारचं बोलणं दुरुस्त केलं. म्हटलं, गावाचं मन वळलं नव्हतं, माझ्या बापाने आमच्यासाठी मूठभर तांदूळ ठेवले होते. आदेश भाऊ खोकले. कमळा मावशी हळूच म्हणाली, "असं म्हन, की प्रभूनं तुह्या बापाचं मन वळवलं." मी म्हटलं, मावशी, ते मला माहीत नाही. माझ्या बापाचं मन आधीपासूनच आमच्याकडे असेल, आम्हीच पाहिलं नसेल. टाळ्या वाजल्या नाहीत. पण एक म्हातारी बाई रडायला लागली, आणि नंतर आम्ही सगळ्यांनी तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली. विचारलं नाही तुम्हाला. तुम्हीही आमची नावं विचारून घेतली नव्हती.

काकू बकरीला सांगत होती, तुम्ही काल दुपारपासून वाघदेवाच्या ओट्याखाली बसून आहात, जेवायलाही गेला नाहीत. म्हणून हा कागद तिथे आणून देते आहे. ओट्यावर चढणार नाही, खालूनच देईन.

उद्या आई आणि मी जंगलात जाणार. थांबणार नाही. पानं काही आमची वाट पाहणार नाहीत, आणि आम्ही घरी बसलो की गाव म्हणेल, त्यांचा देव त्यांना चुलीपुढे बसवून गेला. मला भीती वाटते. कालपर्यंत मी ती लपवली, आज लिहून टाकते. गुलाबबाईची साडी सापडली ती जागा आमच्या वाटेवर आहे. मी रोज प्रार्थना करते, तरी तिथे आलं की माझे पाय जड होतात. प्रार्थनेने भीती जात नाही, बाबा. माझी तरी गेली नाही. प्रार्थना करते म्हणून जड पायांनीसुद्धा पुढे जाते, एवढंच.

तुम्ही सोबत या.

मी तुम्हाला आमच्या प्रार्थनेला बोलवत नाही. क्रूसापुढे हात जोडा म्हणत नाही. तुमच्याकडून त्यांनी ओटा काढून घेतला, पण वाघदेव काही ओट्यापुरता नाही, असं तुम्हीच म्हणता. उद्या जंगलात तुम्ही पुढे चाला. टिन घ्या आणि तुमच्या देवाला हाक मारा, आजा मारायचा तशी, पोटातून. आम्ही मागून आमचं गाणं म्हणू. आईचा सूर वर जातो, माझा घसरतो, तुमचं टिन मधेमधे पडेल. ऐकायला काही गोड लागणार नाही.

नसू दे. वाघाला गोड कशाला हवं? टोळी पलीकडच्या नाल्यावर पानं तोडत असेल, तिलाही ऐकू जाऊ द्या. हरिदास काकांना, लालसू भाऊंना ऐकू जाऊ द्या. एका घरातून दोन देवांना हाक जाते आणि घर मोडत नाही, हे एकदा सगळ्या जंगलाने ऐकावं.

ऊन बांधावर आलं की आम्ही निघू. आईने उद्याच्या शिदोरीसाठी तीन माणसांच्या भाकरी थापायला घेतल्या आहेत. मी तिला सांगितलं नव्हतं.

तुमची,
दिव्यानी